टॅब देता, तर त्याच्या देखभालीचीही तरतूद करा

मा. संपादक यांस,


शाळांना टॅब मिळाल्याच्या बातम्या छायाचित्रांसह छापून येतात. त्यातले किती टॅब तीन वर्षांनंतर चालू आहेत, याची बातमी मी आजवर वाचलेली नाही. जिल्हा परिषदेच्या शाळांत आयुष्य काढलेला शिक्षक म्हणून मला एक गोष्ट ठामपणे सांगायची आहे. ‘मुलांच्या हातात दिले की मोडतात’ या भीतीने आपण टॅब कपाटात ठेवतो, आणि ते तिथेच निकामी होतात.

सोलापूरचा उन्हाळा नव्याने सांगायला नको. एप्रिल-मेमध्ये पारा 42-43 अंशांवर जातो. नेमक्या याच दिवसांत शाळांना सुट्टी लागते आणि टॅब पत्र्याच्या खोलीतल्या लोखंडी कपाटात जूनच्या मध्यापर्यंत कुलूपबंद राहतात. टॅब बनवणाऱ्या मोठ्या कंपन्या साधारण 35 अंशांपर्यंतच्या हवेतच तो वापरायला सांगतात. लिथियम बॅटरीला उष्णता सोसत नाही, आणि पूर्ण चार्ज असताना तर मुळीच नाही. बॅटरीतज्ज्ञांची सर्वसाधारण मोजमापे अशी आहेत : पूर्ण चार्ज केलेली बॅटरी 40 अंशांत वर्षभर पडून राहिली, तर तिची सुमारे 35 टक्के क्षमता कायमची जाते. तीच बॅटरी अर्ध्याहून थोडी कमी चार्ज करून ठेवली, तर नुकसान 15 टक्क्यांच्या आसपास राहते. म्हणजे एक पैसा खर्च न करता निम्म्याहून अधिक नुकसान टळते. उलट, बॅटरी पार उतरलेली असताना टॅब ठेवून दिला, तर ती आणखी उतरत जाते आणि जूनमध्ये चार्जर लावूनही टॅब उठत नाही. मग ‘टॅब खराब निघाले’ असा शेरा पडतो आणि ते डेडस्टॉक रजिस्टरमध्ये जाऊन बसतात.

दुसरा शत्रू धूळ. शहराच्या पूर्व भागात यंत्रमागांच्या आसपास असलेल्या घरांत सुताचा तूस सतत उडत असतो. तो चार्जिंगच्या खाचेत साचतो, पिन नीट बसत नाही, मुले ती जोर लावून दाबतात आणि खाच ढिली होते. टॅब बंद करून मऊ, कोरड्या ब्रशने खाच साफ करणे हा त्यावरचा उपाय. सुई किंवा टाचणी घातली, तर आतले संपर्कबिंदू तुटतात. स्वस्त, बिनशिक्क्याचा चार्जर वापरू नये, चार्ज होताना टॅब चादरीखाली किंवा गादीवर ठेवू नये. मागची बाजू फुगलेली किंवा पडदा उचललेला दिसला, तर टॅब ताबडतोब वापरातून काढावा. फुगलेली बॅटरी दाबणे किंवा टोचणे म्हणजे आगीला आमंत्रण. या सगळ्या गोष्टी पाचवीतले मूलही शिकू शकते, पण त्या शिकवण्याची जबाबदारी आज कुणावरच नाही.

‘काळजी घेतली की झाले, त्यासाठी सरकार कशाला,’ असे कुणी म्हणेल. मला ते पटत नाही. बॅटरी कितीही जपली तरी ती झिजणारच. काही शे वेळा चार्ज झाल्यावर तिची ताकद कमी होणे हा तिचा धर्म आहे. ती बदलायला पैसे लागतात. 30 पर्यंत पट असलेल्या शाळेला समग्र शिक्षा योजनेतून वर्षाला 10,000 रुपये संयुक्त अनुदान ठरलेले आहे. त्यातूनच वीजबिल, खडू, किरकोळ दुरुस्ती भागवायची आणि किमान दहावा हिस्सा स्वच्छतेवर खर्चायचा. टॅबच्या बॅटरीसाठी त्यात काय उरणार? शिवाय टॅब बिघडला तर वसुली आपल्याकडून होईल, ही धास्ती मुख्याध्यापकांना असते. ज्याला भरपाईची भीती आहे, तो वस्तू वापरण्याऐवजी जपून ठेवणार. त्यांना दोष देता येत नाही.

देखभालीची तरतूद न करण्याच्या चुकीची किंमत राज्याने एकदा मोजली आहे. 2019 मध्ये अंगणवाडी सेविकांना पोषणाच्या नोंदींसाठी मोबाइल दिले गेले. कमी क्षमतेचे ते फोन गरम होत, अडकत. हमीकाळ संपल्यावर दुरुस्तीचा भार सेविकांवरच आला. अखेर ऑगस्ट 2021 मध्ये राज्यभरातील सेविकांनी ते फोन शासनाला परत केले. यंत्र देताना त्याच्या पुढच्या चार वर्षांचा विचार झाला नाही, की हेच घडते. युरोपीय संघाने जून 2025 पासून फोन आणि टॅबच्या उत्पादकांवर बंधन घातले आहे : 800 वेळा चार्ज झाल्यावरही बॅटरीत 80 टक्के क्षमता उरली पाहिजे आणि विक्री थांबल्यानंतरही काही वर्षे सुटे भाग मिळत राहिले पाहिजेत. आपण कायद्याची वाट का पाहावी? सरकारी खरेदीच्या निविदेत हीच अट घालता येते.

माढा तालुक्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत पाठ्यपुस्तकांना क्यूआर कोड जोडण्याचा प्रयोग झाला आणि तिथले शिक्षक रणजितसिंह डिसले यांना 2020 चा ग्लोबल टीचर पुरस्कार मिळाला. पुस्तकावरचा कोड वाचायला चालू स्थितीतले यंत्र लागते. ज्या जिल्ह्याने ही वाट दाखवली, त्याच जिल्ह्याने यंत्रे टिकवण्याची पद्धतही घालून द्यावी.

म्हणून जिल्हा परिषदेकडे माझ्या चार मागण्या आहेत. एक, टॅबच्या प्रत्येक खरेदीत तीन वर्षांची देखभाल आणि बॅटरी बदलण्याचा दर आधीच ठरवून घ्यावा. दोन, दुरुस्तीसाठी स्वतंत्र रक्कम शाळेला द्यावी आणि नैसर्गिक झिजेची वसुली शिक्षकांकडून होणार नाही, असे लेखी कळवावे. तीन, उन्हाळी सुट्टीआधी सर्व टॅब अर्धे चार्ज करून, बंद करून, शाळेतल्या सर्वांत थंड खोलीत ठेवण्याचे परिपत्रक काढावे. त्याहून चांगले म्हणजे पालकांची सही घेऊन ते सुट्टीत मुलांना घरी वापरायला द्यावेत. चार, अकराही तालुक्यांतल्या गटसाधन केंद्रांत जूनमध्ये आयटीआयच्या मदतीने तपासणी शिबिर घ्यावे. निकामी बॅटऱ्या तिथेच गोळा करून अधिकृत ई-कचरा केंद्राकडे पाठवाव्यात.

यातल्या दोन गोष्टींना तर पैसेही लागत नाहीत. पुढच्या सुट्टीपूर्वी हे परिपत्रक निघावे, अशी जिल्हा परिषदेला विनंती. शाळा व्यवस्थापन समितीतल्या पालकांनीही पुढच्या बैठकीत एकच प्रश्न विचारावा : आपल्या शाळेतले किती टॅब आज चालू आहेत?

आपला,
एक निवृत्त प्राथमिक शिक्षक
सोलापूर