हुन्नराची लाज कसली?

आपल्याकडे बहुतेक घरांत एक सायकल पडून असते. कुठे जिन्याखाली, कुठे गच्चीच्या कोपऱ्यात, कुठे शेतातल्या आखाड्यावर. टायर बसलेले, चेन गंजलेली, सीटवर कोंबड्या. घरात मोटारसायकल आली की ती मागे पडते आणि एक दिवस भंगारवाला तिला किलोच्या भावाने घेऊन जातो.

ती त्याला देण्याआधी, वाचकहो, आमचे थोडे ऐकून घ्या. जुन्या सांगाड्यातून चालती सायकल उभी करणे, तिचे भाग बदलून तिला आधीपेक्षा चांगली करणे, हा एक सुंदर छंद आहे. मोठ्या शहरांत लोक तो हौसेने करतात. जुने हब शोधतात, घरी बसून तारा भरतात, महिनोन्महिने एका सायकलीवर खपतात. पुण्यात कर्वेनगरला तर एका सायकलप्रेमी गृहस्थांनी, विक्रम पेंडसे यांनी, सायकलींचे संग्रहालयच उभे केले आहे. दुसऱ्या महायुद्धात सैनिकांसाठी बनवलेली घडीची बीएसए सायकलही तिथे पाहायला मिळते.

गंमत अशी, की पुण्यात ज्याला छंद म्हणतात ते आमच्या औंढ्यात, हिंगोलीत, वसमतला कितीतरी मुस्लिम घरांचे पिढ्यांचे काम आहे. आणि आमच्याच मुलांना त्या कामाची लाज वाटू लागली आहे.

‘पंक्चरवाला’ हा शब्द शिवीसारखा वापरला जातो, हे आपण सारे जाणतो. शाळेत, मोबाइलवर, निवडणुकीच्या दिवसांत तर जास्तच. आमच्या ओळखीचे एक जुने मिस्त्री आहेत, सारे त्यांना चाचा म्हणतात. डोळे मिटून चाक फिरवले तरी कोणती तार ढिली आहे ते आवाजावरून सांगतील. त्यांचा नातू नववीत आहे. हात आजोबांसारखाच हलका. पण वर्गातली मुले रस्त्याने येताना दिसली की पाना खाली ठेवून तो आत जातो. चाचा त्याला काही बोलत नाहीत. आम्हाला मात्र म्हणाले, “त्याने दुकान नाही चालवले तरी चालेल. शिकू दे, साहेब होऊ दे. पण पाना लपवतो ना, ते मनाला लागते.”

आम्हालाही ते लागले. म्हणून या महिन्यात हा विषय.

आधी एक जुनी गोष्ट सांगतो. पंजाबातले मुंजाल बंधू फाळणीच्या आधीपासून अमृतसरला सायकलींच्या सुट्या भागांचा धंदा करीत. त्यांच्या घराण्याचा इतिहास सुनील कांत मुंजाल यांनी लिहिला आहे. त्यात करीम दीन नावाच्या एका कारागिराची आठवण आहे. ते सायकलीच्या सीट बनवीत आणि त्यांच्या मालाचे नाव होते ‘हीरो’. फाळणीत करीम दीन पाकिस्तानला निघाले, तेव्हा ओमप्रकाश मुंजाल यांनी ते नाव वापरण्याची परवानगी मागितली आणि करीम दीन यांनी ती दिली. पुढे लुधियानात १९५६ साली त्याच नावाने पूर्ण सायकली बनू लागल्या. १९८६ साली जगात सर्वांत जास्त सायकली बनवणारी कंपनी म्हणून हीरोचे नाव गिनीज बुकात गेले. आपल्या जिन्याखाली गंजत पडलेल्या सायकलीवर कदाचित हेच नाव असेल.

दुसरे उदाहरण सातासमुद्रापलीकडचे. अमेरिकेतल्या डेटन गावी राइट बंधूंनी १८९२ साली सायकलींचे दुकान काढले. सायकली विकत, दुरुस्त करीत आणि चार वर्षांनी स्वतःच्या सायकली बनवू लागले. १७ डिसेंबर १९०३ रोजी त्यांचे जे विमान उडाले, त्याचे पंखे इंजिनाच्या जोरावर फिरवायला त्यांनी सायकलीसारख्याच चेनी आणि दातेरी चाके वापरली होती. दुकानातल्या कामानेच त्यांचे हात तयार झाले होते. दुकानदार असण्याची त्यांनी लाज धरली असती तर?

आता कामाचे बोलू. घरातली बावीस किंवा चोवीस इंची काळी सायकल शिकायला सर्वांत चांगली, कारण तिचे सारे भाग उघडता येतात आणि बाजारात अजून मिळतात.

पहिल्यांदा सांगाडा तपासा. नळ्या जिथे जोडल्या आहेत त्या सांध्यांवर चीर असेल, किंवा गंज खरवडल्यावर नळीला भोक पडत असेल, तर त्यावर पैसा घालू नका. पुढचा चिमटा वाकडा असेल तर तो बदला. सांगाडा धड असेल तर बाकी सगळे होते.

खोलताना घाई नको. प्रत्येक भागाचा वेगळा डबा करा आणि खोलण्याआधी मोबाइलवर फोटो काढून ठेवा. डाव्या पायडलचे आटे उलटे असतात, हे विसरून जोर लावाल तर आटे खराब होतील. क्रँकची कॉटर पिन अडकली असेल तर आदल्या रात्री तेल सोडा. नट पूर्ण काढू नका, पिनेच्या टोकाच्या पातळीवर ठेवा आणि मग नेमका ठोका द्या. बसवताना दोन्ही पिना एकमेकींच्या उलट दिशेने घाला, नाहीतर पायडल एका रेषेत येत नाहीत.

छर्रे मोजून ठेवा. साध्या सायकलीच्या पुढच्या हबला एका बाजूला दहा, मागच्या हबला नऊ आणि क्रँकच्या एक्सेलला अकरा असतात. एखादा जरी खड्डा पडलेला दिसला तर पूर्ण संच बदला. त्यात कंजूषी परवडत नाही. डिझेलने कप धुऊन, पुसून, ताजे ग्रीस भरा. कोन इतकाच आवळा की चाक डुलणार नाही आणि अडणारही नाही. खूण सोपी आहे. चाक उचलून हलकेच सोडले की व्हॉल्व्हच्या वजनाने फिरून व्हॉल्व्ह आपोआप खाली येऊन थांबला पाहिजे.

चाकाचा आउट काढणे हे खरे उस्तादाचे काम. आपल्या जुन्या सायकलींना पुढे ३२ आणि मागे ४० तारा असतात, कारण बसणाऱ्याचे आणि कॅरिअरवरचे वजन मागे जास्त येते. चाक तारांवर खांबासारखे उभे नसते, तारांनी चहूबाजूंनी ताणून धरलेले असते. म्हणून एक तार आवळली की समोरच्या आणि शेजारच्या तारांवर परिणाम होतो. निपल एका वेळी पाव फेराच फिरवा, चाक फिरवून बघा, मग पुढचा पाव फेरा. या कामाने मुलांना जो सबर शिकवला जातो, तो आमच्या सांगण्याने येत नाही.

चेनीचे माप घ्या. नव्या चेनीच्या बारा जोड्या बरोबर १२ इंच भरतात. त्यात इंचाचा आठवा हिस्सा वाढला असेल तर चेन बदला आणि फ्रीव्हीलही सोबत बदला. झिजलेल्या दातांवर नवी चेन घसरते.

सुधारणा करायच्या तर आधी ब्रेक. लोखंडी रिम ओली झाली की रबर पकडत नाही, म्हणून पावसाळ्याआधी नवे रबर हवेतच. रॉडचा ब्रेक काढून तारेचा बसवावा असे मुलांना वाटते. पण जुन्या रिमला बाजूने पकडायला सपाट जागा नसते, त्यामुळे रिमही बदलावी लागते. तो खर्च आधी धरा.

दुसरी सुधारणा स्वस्त आणि फार उपयोगाची. पुढे ४४ दात आणि मागे १८ असतील, तर २८ इंची चाकाची सायकल पायडलच्या एका फेऱ्यात साधारण साडेपाच मीटर जाते. मागे २२ दातांचे फ्रीव्हील घातले तर साडेचार मीटर. वेग थोडा घटतो, पण चढावर आणि समोरच्या वाऱ्यात पाय निम्म्या रस्त्यात थकत नाहीत. औंढ्याच्या आसपासच्या टेकड्यांत दप्तर घेऊन चढणाऱ्या मुलीला हा फरक पहिल्याच दिवशी कळतो.

मुलींचे नाव मुद्दाम घेतले. मानव विकास कार्यक्रमात राज्याच्या २३ जिल्ह्यांतील तालुक्यांत, शाळेपासून पाच किलोमीटरच्या आत राहणाऱ्या आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना सायकलीसाठी मदत मिळते. आपला हिंगोली जिल्हाही त्यात आहे. सायकल घरी येते, पण पुढे काय होते? पंक्चर होते, मिस्त्रीकडे न्यायला भाऊ मोकळा नसतो, अब्बा कामावर असतात. आठ दिवस सायकल उभी, आठ दिवस मुलगी घरी. मग कोणीतरी म्हणतेच, “जाऊ दे, आता दहावी झाली की बस्स.” मुलीची शाळा कधी कधी एवढ्याशा भोकातून गळून जाते.

तिला स्वतःला ट्यूब काढता आली, पाण्याच्या टोपात भोक शोधता आले, घासून सोल्यूशन लावून वाळू देऊन ठिगळ बसवता आले, तर दुसऱ्या दिवशी ती शाळेत असेल. म्हणून हा छंद फक्त मुलांचा ठेवू नका. अम्मी, आपा, सगळ्यांनी बसा.

एकदा हात बसला की सायकली घरात साठतील. त्या द्या. एखाद्या गरजू मुलाला, जवळा बाजारला किंवा शिरड शहापूरला शिकणाऱ्या एखाद्या मुलीला. विकत दिली तरी हरकत नाही, मेहनतीचे पैसे हलालच आहेत. फक्त देताना कोणता भाग जुना आहे, कुठे लक्ष ठेवायचे, ते सांगून द्या. ब्रेक तपासल्याशिवाय देऊ नका. त्या सायकलीवर कोणाचे तरी लेकरू बसणार आहे, ती अमानत आहे.

आणि एक काम येत्या रविवारी करा. पडून असलेली सायकल आणि घरातले एक मूल घेऊन गावातल्या जुन्या मिस्त्रीकडे जा. त्यांना म्हणा, “उस्ताद, दुरुस्त करून नको, याला शिकवा.” शिकवण्याचे पैसे विचारून द्या. त्या वेळी त्यांचा नातू दुकानात असेल, तर त्यालाही जवळ बसवा आणि पहिला प्रश्न त्यालाच विचारा.