अडीच तिकिटांत रामटेक

आपल्या घरातल्या बायका गावाबाहेर पडतात त्या चार कारणांनी: लग्न, मयत, उर्स आणि दवाखाना. सहल हा शब्द शाळेच्या नोटिशीत येतो, तोही बहुतेक मुलग्यांच्या वाट्याला. पैशाची ओढाताण हे एक कारण झालं. पण नुसतं बघायला म्हणून कुठे जावं, हे आपल्याला सुचतच नाही, हेही तितकंच खरं. म्हणून या महिन्यात स्वयंपाकाच्या गोष्टी बाजूला ठेवून एका दिवसाचा हिशेब मांडतो. गोंदियाहून रामटेक, फजरनंतर निघून रात्री घरी.

रामटेकच का? आपल्या जिल्ह्यात नवेगावबांध आहे, नागझिरा आहे, सालेकशाकडे हाजरा फॉल आहे. तीही पाहावीतच. पण आमच्या घरात बारावीची मुलगी आहे. तिच्या पुढच्या शिक्षणावरून महिनाभर कुजबुज चालू होती. मुलगी हुशार आहे, हे सगळ्यांना कबूल. बाहेरगावी पाठवायचं म्हटलं की मात्र सगळे गप्प. रामटेक हे डोंगराच्या कुशीतलं जुनं गाव. वर तटबंदी आणि दीड हजार वर्षांचा इतिहास, खाली इंजिनीअरिंग कॉलेज आणि संस्कृत विद्यापीठ. फिरणं होईल आणि बाहेरगावचं कॉलेज म्हणजे काय, तेही घरच्यांना डोळ्यांनी दिसेल, असा आमचा बेत होता. मुलीला तो आधी सांगितला नव्हता.

आता पैसे. एसटीत महिलांना २०२३ पासून अर्धं तिकीट आहे. पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना प्रवास मोफत, ६५ ते ७५ वयाच्यांना अर्धं, आणि ५ ते १२ वर्षांच्या मुलांनाही अर्धं. आम्ही पाच जण होतो. दादी सत्त्याहत्तरच्या, त्यांचं शून्य. घरातली बाई, मुलगी आणि धाकटा यांचं प्रत्येकी अर्धं, आणि घरधन्याचं एक पूर्ण. पाच माणसांची अडीच तिकिटं! दादींचं आधार कार्ड मात्र आठवणीनं पिशवीत घ्या, कंडक्टर वय बघतो. जाणं-येणं, रामटेकमधली ऑटो आणि चहा-बिस्किटं मिळून आमचा खर्च पंधराशेच्या आत राहिला. एका लग्नाच्या आहेराला आपण याहून जास्त खर्च करतो आणि घरी येऊन जेवणाला नावं ठेवतो.

गोंदिया, तिरोडा, तुमसर, रामटेक असा सरळ रस्ता आहे. थेट गाडी मिळाली तर उत्तम, नाहीतर तुमसरला बदलायची. रेल्वेनं जायचं असेल तर कामठीला उतरून रामटेकची गाडी धरावी लागते. त्यात वेळ जातो, पण कामठीत नातेवाईक नसलेलं घर आपल्याकडे विरळाच. ताजुद्दीन बाबांचा जन्मही १८६१ साली कामठीचाच. फक्त पाहुणचारात अडकलात तर रामटेक राहून जाईल.

डबा घरूनच न्यावा. आम्ही पराठे, बटाट्याची सुकी भाजी आणि आंब्याचं लोणचं नेलं. डोंगरावर देवस्थान आहे, तेव्हा कबाब-अंडी घरीच ठेवावीत. दुसऱ्याच्या श्रद्धेच्या जागी जाताना एवढं आपण पाळायलाच हवं. वर माकडं फार. हातात पिशवी दिसली की ती थेट ओढतात, म्हणून डबा खाली उतरल्यावरच उघडा.

डोंगरावर जायच्या दोन वाटा. अंबाळा तलावाकडून पायऱ्या चढतात आणि दुसऱ्या बाजूनं गाडीरस्ता वर जातो. दादी आणि धाकटा ऑटोनं गेले, बाकीचे पायऱ्यांनी. वर पोहोचल्यावर दादी तटाजवळ सावलीत बसलेल्या. एवढ्या उंचावरून त्यांनी आयुष्यात पहिल्यांदाच खाली पाहिलं होतं. शेतं, तळी, पलीकडचं गाव. बराच वेळ त्या काही बोलल्याच नाहीत.

गडावर रामाचं देऊळ आहे. आत जाणं न जाणं ज्याचं त्यानं ठरवावं. आम्ही तटावर आणि आवारातच फिरलो. डोक्यावर ओढणी बघून कोणी काही म्हणेल का, ही धास्ती घरातून निघताना मनात होती. एका आजींनी दादींना सरकून जागा दिली आणि गुडघ्यांची चौकशी केली. याव्यतिरिक्त कोणी काही विचारलं नाही.

पाहण्यासारखं सगळ्यात जुनं म्हणजे वाकाटकांच्या काळातली, पाचव्या शतकाची नरसिंहाची देवळं आणि अखंड दगडातला प्रचंड वराह. वाकाटकांची राजधानी नंदिवर्धन म्हणजे जवळचंच आजचं नगरधन. तिथली राणी प्रभावतीगुप्ता, उत्तरेतल्या दुसऱ्या चंद्रगुप्ताची मुलगी. नवरा दुसरा रुद्रसेन लवकर वारला, मुलं लहान होती, आणि राज्याचा कारभार तिनं हाती घेतला. तिच्या नावाचे ताम्रपट सापडलेले आहेत, त्यांपैकी एक याच रामगिरीच्या देवाच्या पायाशी दिलेला आहे. बाईनं घराबाहेरचं काय सांभाळावं, हा वाद आपल्याकडे अजून मिटलेला नाही. या डोंगरानं तो सोळाशे वर्षांपूर्वीच पाहून ठेवला आहे.

मुलांना आणखी एक गोष्ट इथं सांगता येते, जी शाळेच्या पुस्तकात ओळीभरात संपते. भोसल्यांच्या आधी हा मुलूख देवगडच्या गोंड राजांचा होता. त्यांतल्या बख्त बुलंद शाहनं औरंगजेबाच्या काळात इस्लाम स्वीकारला, आणि १७०२ च्या सुमारास नागपूर शहर वसवलं ते त्यानंच. त्याच्यामागून आलेल्या चांद सुलताननं नागपूरला तट बांधला आणि जुम्मा तलाव केला. चांद सुलतान गेल्यावर वारसांत भांडण लागलं, त्याच्या विधवा राणीनं मदतीला रघुजी भोसल्यांना बोलावलं, आणि पुढे राज्य भोसल्यांकडे गेलं. पण रघुजींनी गोंड राजा बुऱ्हाण शाहला नागपुरात मानानं ठेवून घेतलं. रामटेकच्या गडावर आज दिसणारं बरंचसं बांधकाम त्याच भोसल्यांच्या काळातलं आहे. आपल्या मुलांना ‘तुमचं इथलं काय?’ असं कधी ना कधी कोणीतरी विचारतंच. तटावर बसून ही हकीकत ऐकलेल्या मुलाला उत्तर शोधत बसावं लागत नाही.

जवळच कालिदास स्मारक आहे. कालिदासाच्या मेघदूतातला शिक्षा भोगणारा यक्ष रामगिरीवर राहतो आणि आषाढातल्या ढगाकरवी दूरच्या बायकोला निरोप पाठवतो. ते रामगिरी म्हणजे हेच रामटेक, असं नागपूरचे संशोधक वा. वि. मिराशी यांनी मांडलं. काही जण ते छत्तीसगडात सरगुज्याला नेतात. वाद विद्वानांचा. पण ज्या घरातला माणूस दोन-दोन वर्षं सौदीला किंवा दुबईला असतो, त्या घराला हे काव्य समजावून सांगावं लागत नाही.

खाली उतरून डबा खाल्ला. नमाजेसाठी जानमाज आणि पाण्याची बाटली सोबत होती. हनफी मताप्रमाणे ४८ मैलांच्या, म्हणजे साधारण ७७ किलोमीटरच्या पुढच्या सफरीला कसर आहे, आणि गोंदियाहून रामटेक त्याहून लांब. म्हणून जोहर दोन रकात. धाकट्याला कसर म्हणजे काय ते तिथं कळलं. मदरशात पाठ केलं होतं, पण सफर कधी केलीच नव्हती.

मग कॉलेज. कवी कुलगुरू कालिदास संस्कृत विद्यापीठ १९९७ चं. संस्कृत आणि मुसलमान हे ऐकून हसू नका. अल-बिरुनी हजार वर्षांपूर्वी संस्कृत शिकला, दारा शुकोहनं १६५७ साली उपनिषदं फारसीत आणली, आणि आपल्या सोलापूर जिल्ह्यातले पंडित गुलाम दस्तगीर बिराजदार मुंबईत वरळीला राहून आयुष्यभर संस्कृतचा प्रचार करत राहिले. २०२१ मध्ये त्यांचं निधन झालं. आमच्या मुलीचा ओढा मात्र गणिताकडे, म्हणून आम्ही थांबलो इंजिनीअरिंग कॉलेजजवळ. सहलीचा दिवस निवडताना रविवार टाळावा तो यासाठीच. बाहेर चहाच्या टपरीवर मुली उभ्या होत्या, दोघींच्या डोक्यावर स्कार्फ. आमच्या मुलीनं आमच्याकडे न बघता सरळ त्यांना गाठलं. हॉस्टेल कसं आहे, जेवण कसं, घरी कितीदा जाता, सगळं विचारून आली. तिच्या अब्बांनी विचारले असते तर हे प्रश्न कधी सुचले नसते.

फीची गोष्ट पुष्कळ घरांना माहीत नाही, म्हणून इथं लिहितो. २०२४-२५ पासून महाराष्ट्रात केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून व्यावसायिक अभ्यासक्रमाला जाणाऱ्या मुलींना, कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न आठ लाखांपर्यंत असेल आणि मुलगी ओबीसी, एसईबीसी किंवा आर्थिक दुर्बल घटकात बसत असेल, तर शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. मोमीन, पिंजारी, बागवान, तांबोळी, अत्तार अशा आपल्या कित्येक बिरादऱ्या ओबीसीत येतात. पण जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला आणि नॉन-क्रिमिलेअर हे कागद बारावीच्या निकालानंतर काढायला धावलात तर तहसीलच्या रांगेत प्रवेशाची तारीख निघून जाते. दिवाळीच्या सुट्टीतच ते काम उरकून घ्या. हॉस्टेल आणि मेस यांचा खर्च मात्र या माफीत नाही. तो आधी विचारून ठेवावा.

परतीच्या गाडीत धाकटा झोपला. दादी खिडकीजवळ. तुमसर गेल्यावर त्या मुलीच्या अब्बांना म्हणाल्या, “इतकंच लांब आहे होय? तुझी मोठी फूफी तर याहून लांब दिलीय.” ते काही बोलले नाहीत. पण दुसऱ्या दिवशी दाखल्यांसाठी काय काय लागतं, याची चौकशी त्यांनीच केली.

जायचंच असेल तर पावसाळ्यानंतर फेब्रुवारीपर्यंत जा. कार्तिकी पौर्णिमा आणि रामनवमीला मोठी गर्दी असते, म्हातारी माणसं सोबत असतील तर ते दिवस टाळा. आणि रामटेकच्या स्टँडवर उतरल्याबरोबर, डोंगराकडे वळायच्या आधी, परतीच्या शेवटच्या गाडीची वेळ खिडकीवर विचारून घ्या.