वायू सुकवण्याचा नवा मार्ग आणि तारापूरचा जुना प्रश्न

बोईसर, खास प्रतिनिधी : वसईच्या नावाने ओळखले जाणारे 'बेसीन' वायूक्षेत्र अरबी समुद्रात १९७६ मध्ये सापडले. तेथील वायू मात्र समुद्रतळावरील वाहिनीने गुजरातमधील हजिऱ्याला जातो. या वायूत हायड्रोजन सल्फाइड असते. त्यात पाण्याची वाफ राहिली तर वाहिनी आतून गंजते, शिवाय दाब व थंडीमुळे बर्फासारखे खडे जमून ती तुंबण्याचा धोका असतो. म्हणूनच वायू वाहिनीत सोडण्यापूर्वी तो सुकवणे अपरिहार्य ठरते.

रूढ पद्धतीत उंच मनोऱ्यात वायूवर ट्रायएथिलीन ग्लायकॉल सोडले जाते. ते पाणी शोषते आणि सुमारे २०० अंश सेल्सिअसपर्यंत तापवून पुन्हा वापरले जाते. यात इंधन खर्ची पडते. समुद्रातील प्लॅटफॉर्मवर मनोऱ्याचे वजन व जागाही महाग पडते.

यावर पर्याय म्हणून पोकळ, सच्छिद्र तंतूंच्या पटलांचा अभ्यास सुरू आहे. एका बाजूने वायू, दुसऱ्या बाजूने ग्लायकॉल वाहते. दोन्ही मिसळत नाहीत, त्यामुळे फेसाची कटकट टळते आणि यंत्रणा आटोपशीर होते. ग्लायकॉलमध्ये सिलिकासारखे अतिसूक्ष्म कण अल्प प्रमाणात मिसळले, तर पाणी शोषण्याचा वेग वाढू शकतो. मात्र कण अधिक झाल्यास द्रव घट्ट होतो, त्यांच्या गुठळ्या होतात आणि पटलाची छिद्रे बुजतात. वारंवार तापवल्यावर हे मिश्रण टिकते का, हीच खरी कसोटी आहे.

तारापूरच्या कारखान्यांना नळाने मिळणारा वायू आधीच सुकवलेला असतो. मग या तंत्राशी येथील रहिवाशांचा संबंध काय? संबंध टाकाऊ द्रवाचा आहे. असे द्रव बनवण्याचे वा शुद्ध करण्याचे काम उद्या रसायन वसाहतींकडेच येणार. सामायिक सांडपाणी केंद्रात गाळ तळाशी बसवून वेगळा केला जातो. हे कण तर तळाशी बसू नयेत अशाच रीतीने मिसळलेले असतात.

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०१८ च्या निर्देशांकात तारापूरला ९३.६९ गुण मिळाले, आणि ते देशात सर्वाधिक होते. तारापूरच्या सांडपाण्याविरुद्ध अखिल भारतीय मांगेला समाज परिषदेने २०१६ मध्येच राष्ट्रीय हरित लवादाकडे दाद मागितली होती. अशा परिसरात नव्या द्रवाची कार्यक्षमता मोजतानाच त्याच्या विल्हेवाटीचाही हिशेब मांडला गेला पाहिजे. अन्यथा वायू सुकेल, पण त्याची किंमत खाडीकाठच्या मच्छीमारांना मोजावी लागेल.