परवाना मागावा की बंदूक उतरवावी?

गेल्या महिन्यात एक तरुण माझ्या कचेरीत आला. पदवीधर, नुकताच दीक्षा घेतलेला. त्याच्या गावी आपल्या वस्तीतील एका लग्नाची वरात निघाली असता गावातील एका बड्या बागायतदाराने घरातून परवान्याची बंदूक आणून हवेत बार काढला. कोणास इजा झाली नाही. आणि इजा झाली नाही म्हणून तक्रारही नोंदली गेली नाही. तरुणाने माझ्यापुढे एक भरलेला अर्ज ठेवला. “वकीलसाहेब, आम्हालाही बंदुकीचा परवाना काढून द्या. अमेरिकेत तर तो प्रत्येक माणसाचा हक्क आहे.”

वाचक बंधुभगिनींनो, त्याचा संताप खोटा नव्हता. परंतु ज्या देशाचा त्याने दाखला दिला, त्या देशाचा अनुभव त्याने तपासून पाहिला नव्हता. तो आज आपण तपासू.

अमेरिकेच्या घटनेतील शस्त्रविषयक दुरुस्ती १७९१ सालची आहे. तिने व्यक्तीला बंदूक बाळगण्याचा हक्क मिळतो, असा निर्णय तेथील सर्वोच्च न्यायालयाने २००८ साली पाच विरुद्ध चार मतांनी दिला. त्या देशात सामूहिक हत्याकांड घडले की तोच वाद नव्याने पेटतो. एक पक्ष म्हणतो, बंदुका आवरा. दुसरा म्हणतो, दोष शस्त्राचा नव्हे, शस्त्र धरणाऱ्या मनाचा. आधी मन सुधारा.

हा दुसरा पक्ष आपणांस चटकन पटण्याजोगा आहे, कारण आपल्या धम्मात मनाला अग्रस्थान आहे. पण आपण एक गोष्ट विसरतो. ज्या तथागतांनी मनाच्या शुद्धीचा उपदेश केला, त्यांनीच उपासकाला वर्ज्य असलेल्या व्यापारांमध्ये शस्त्रांचा व्यापार घातला. मन सुधारेपर्यंत शस्त्र बाजारात राहो, असे त्यांनी सांगितले नाही.

मनावर भिस्त ठेवली म्हणजे काय होते, हे न्यूयॉर्क राज्यातील बफेलो शहरात दिसले. १४ मे २०२२ रोजी एका अठरा वर्षांच्या गोऱ्या तरुणाने कृष्णवर्णीयांच्या वस्तीतील वाणसामानाच्या दुकानात शिरून दहा कृष्णवर्णीय माणसे ठार केली. कारण गूढ नव्हते. वर्णद्वेष हेच कारण, आणि ते त्याने स्वतःच लिहून ठेवले होते. आदल्याच वर्षी शाळेतील एका धमकीवरून त्याला मनोवैद्यकीय तपासणीस नेले होते. तपासणी झाली, तो घरी आला, आणि पुढे त्याने बंदूक रीतसर दुकानातून विकत घेतली. मन तपासले गेले. हात मोकळे राहिले. जातिद्वेष म्हणजे काय हे ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या सोसले, त्यांना या द्वेषाची ओळख करून देण्याची गरज नाही.

त्यानंतर अवघ्या दहा दिवसांनी टेक्सासमधील युवाल्डी येथे एका शाळेत एकोणीस मुले व दोन शिक्षिका मारल्या गेल्या. सज्जनाच्या हाती बंदूक असली म्हणजे दुर्जनाला आळा बसतो, असे तेथे मोठ्या आत्मविश्वासाने सांगितले जाते. त्या दिवशी शाळेत व शाळेभोवती जवळजवळ चारशे सशस्त्र पोलीस जमले होते, आणि वर्गाचे दार उघडण्यास त्यांना तासाहून अधिक वेळ लागला.

याउलट ऑस्ट्रेलिया पाहा. एप्रिल १९९६ मध्ये टास्मानियातील पोर्ट आर्थर येथे एका माणसाने पस्तीस जणांना ठार केले. पंतप्रधान जॉन हॉवर्ड हे पुराणमतवादी पक्षाचे. त्यांना सत्तेवर येऊन दोन महिनेही झाले नव्हते. मारेकऱ्याचे मन का बिघडले याची मीमांसा पुरी होईपर्यंत ते थांबले नाहीत. बारा दिवसांत सर्व राज्यांची संमती मिळवून त्यांनी आपोआप भरणाऱ्या रायफलींवर बंदी आणली. बंदूक हवी असेल तर खरे कारण दाखवावे लागेल, आणि स्वसंरक्षण हे खरे कारण धरले जाणार नाही, असा नियम झाला. तेथील घटनेप्रमाणे सरकारला कोणाची मालमत्ता योग्य मोबदल्याशिवाय घेता येत नाही. म्हणून एक वर्षापुरता जादा कर बसवून सुमारे साडेसहा लाख बंदुका विकत घेतल्या व नष्ट केल्या. त्यापूर्वीच्या अठरा वर्षांत पाच किंवा अधिक बळी घेणारे तेरा गोळीबार तेथे झाले होते. पुढे २०१८ पर्यंत एकही झाला नाही. डिसेंबर २०२५ मध्ये सिडनीच्या बाँडी किनाऱ्यावर यहुदी सणाच्या मेळाव्यात पंधरा जणांचा बळी गेला, आणि दोन मारेकऱ्यांपैकी एकाजवळ बंदुकांचा परवाना होता, हेही सांगितले पाहिजे. त्यावरून कायदा व्यर्थ ठरत नाही. परवाना देणाऱ्याने झोपू नये, एवढे ठरते.

आता त्या तरुणाच्या खऱ्या प्रश्नाकडे येतो. दुर्बळाच्या हाती बंदूक आली तर तो वाचेल काय? अमेरिकेतील कृष्णवर्णीयांनी याचा अनुभव घेतला आहे. १८७३ साली लुइझियानातील कोलफॅक्स येथे न्यायालयाच्या इमारतीचे रक्षण करणाऱ्या कृष्णवर्णीयांवर गोऱ्यांच्या टोळीने हल्ला केला. रक्षकांपैकी अनेकांजवळ बंदुका होत्या. तरीही ते मारले गेले. शरण आलेल्यांनाही सोडले नाही. जे मूठभर आरोपी दोषी ठरले, त्यांची शिक्षा १८७६ साली सर्वोच्च न्यायालयाने रद्द केली, आणि शस्त्राचा हक्क केवळ केंद्रीय विधिमंडळास बांधतो, खाजगी टोळीपासून तो संरक्षण देत नाही, असे सांगितले. पुढे १९६७ साली कॅलिफोर्नियात कृष्णवर्णीय तरुण उघडपणे बंदुका घेऊन पोलिसांवर नजर ठेवू लागले, तेव्हा त्याच राज्याने भरलेली बंदूक घेऊन फिरण्यास तातडीने बंदी केली. हक्क कागदावर सर्वांचा होता. वापरताना तो ज्याच्यावर पोलिसाचा विश्वास, त्याचाच ठरला.

आपल्या घटना समितीत हा विषय निघाला होता, हे थोड्यांना ठाऊक असेल. १८७८ च्या कायद्याने इंग्रजांनी हिंदी जनतेस निःशस्त्र केल्याचा सल मोठा होता. १९३१ च्या कराची ठरावात शस्त्र बाळगण्याचा हक्क घातला गेला होता. त्याच आधारावर डिसेंबर १९४८ मध्ये ह. वि. कामत यांनी हा हक्क मूलभूत हक्कांत घालण्याची उपसूचना मांडली. परमपूज्य बाबासाहेबांनी तिला विरोध केला. असा हक्क दिला तर चोर-दरोडेखोरही तो मागतील, असे ते म्हणाले. राष्ट्रावर संकट आले असता शस्त्र धरणे हे नागरिकाचे कर्तव्य म्हणता येईल, हक्क नव्हे, ही त्यांची भूमिका. उपसूचना फेटाळली गेली. ज्या समाजावर शतकानुशतके लाठी चालली, त्या समाजाच्या पुढाऱ्याने ही भूमिका घ्यावी, याचा विचार आपल्या तरुणांनी शांतपणे करावा.

मग आपल्या हाती काय आहे? अत्याचार प्रतिबंधक कायद्याखालील १९९५ चे नियम काढा आणि तिसरा नियम वाचा. जेथे अत्याचार होण्याची किंवा पुन्हा घडण्याची भीती आहे, तेथे अनुसूचित जातिजमातींबाहेरील व्यक्तींचे, त्यांच्या नातलगांचे व नोकरांचेही शस्त्रपरवाने रद्द करून हत्यारे सरकारी शस्त्रागारात जमा करण्याचा, आणि बेकायदा हत्यारे जप्त करण्याचा अधिकार त्यात आहे. गरज वाटल्यास आपल्या लोकांना परवाने द्यावेत, असेही त्यात आहे. तो तरुण त्याच खंडावर बोट ठेवीत होता. दीक्षा घेतल्याने हे संरक्षण सुटते, अशी भीती कोणी घालील तर ऐकू नका. १९९० च्या दुरुस्तीपासून अनुसूचित जातीतून आलेला बौद्ध अनुसूचित जातीचाच धरला जातो.

या नियमाचे दुखणे दोन शब्दांत आहे: ‘आवश्यक वाटल्यास’. कोणाला वाटल्यास? हे नियम अंमलात येऊन अडीच वर्षेही उलटली होती, तेव्हा १ डिसेंबर १९९७ च्या रात्री बिहारातील लक्ष्मणपूर बाथे गावी रणवीर सेनेने अठ्ठावन्न माणसे मारली. त्यात सत्तावीस बायका आणि सोळा मुले होती. सत्र न्यायालयाने २०१० साली सव्वीस जणांस शिक्षा दिली. २०१३ साली पाटणा उच्च न्यायालयाने विश्वासार्ह पुराव्याअभावी त्या सर्वांस सोडले. खून झाल्यानंतरचा कायदा किती हतबल असतो, हे मी रोज न्यायालयात पाहतो. म्हणून हत्याराला आधी हात घालणारा नियम मला शिक्षेच्या दहा कलमांहून मोलाचा वाटतो.

आणि हे अशक्य आहे असे सांगू नये. निवडणूक लागली की प्रशासन परवान्यांची छाननी करते, आणि गावच्या बड्या माणसाची बंदूक मुकाट्याने ठाण्यात जाते. मतपेटीसाठी जे महिनाभर जमते, ते आपल्या वस्तीसाठी का जमू नये? खुद्द १९५९ च्या शस्त्र अधिनियमाचे सतरावे कलमही सार्वजनिक शांततेसाठी परवाना स्थगित वा रद्द करण्याचा अधिकार परवाना देणाऱ्या अधिकाऱ्यास देते.

आपल्या घरात बंदूक आणण्यापूर्वी आणखी एक हिशेब करा. अमेरिकेत बंदुकीने मरणाऱ्यांपैकी निम्म्याहून अधिक माणसे आत्महत्येने मरतात. कर्ज, दारू, नापास झालेला मुलगा, सासरी छळली जाणारी मुलगी, यांपैकी काहीच नाही असे घर माझ्या पाहण्यात क्वचितच आहे.

मी त्या तरुणाचा अर्ज बाजूला ठेवला आणि दुसरा अर्ज लिहिला: वरातीच्या दिवसाची हकीकत, साक्षीदारांची नावे, बागायतदाराचा परवाना रद्द करून बंदूक जमा करण्याची मागणी, नियम तीनचा आणि कलम सतराचा उल्लेख. वस्तीतील एकेचाळीस जणांनी सह्या-अंगठे केले. त्यात नवरदेवाची आईही होती. जिल्हाधिकारी कचेरीच्या पोचीचा शिक्का मिळाला आहे. उत्तर अद्याप आलेले नाही. तरुण दर सोमवारी विचारण्यास जातो, आणि त्याचा पहिला अर्ज माझ्या टेबलाच्या खणात तसाच आहे.