सीटबेल्ट ओढा, गुपित कळेल!

सेकंडहँड गाडी बघायला गेल्यावर आपण नक्की काय बघतो? खरं सांगा! रंग, म्युझिक सिस्टीम, अलॉय व्हील्स आणि किलोमीटरचा आकडा. फार तर टायरला एक लाथ मारतो. त्या लाथेतून आजवर कुणाला काय कळलं, देव जाणे. पण मारायची!

माझ्या ऑफिसमधल्या एका मित्रानेही परवा तेच केलं. आयुष्यातली पहिली गाडी, पाच वर्षांचं कर्ज आणि दिवाळीत आई-बाबांना घेऊन गावी जायचा प्लॅन. एजंट म्हणाला, ''सर, डॉक्टरांची गाडी आहे. सिंगल हँड, एकही क्लेम नाही.'' वर भाव बाजारापेक्षा साठ हजारांनी कमी. स्वारी खूश! टोकन द्यायला खिशात हात घालणार, एवढ्यात सोबत आलेल्या गॅरेजवाल्या काकांनी पुढचा सीटबेल्ट धरला आणि पार शेवटापर्यंत खेचला. शेवटच्या वीतभर पट्ट्यावर मातकट डाग. काका एवढंच म्हणाले, ''पोहून आलीये ही.''

आपल्याकडे गाड्या पोहतात, हे वेगळं सांगायला नको. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा मुंबईने ते पाहिलं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगली-कोल्हापूरने पाहिलं, २०२१ च्या जुलैमध्ये चिपळूणने. दुरुस्तीचा खर्च आयडीव्हीच्या, म्हणजे विम्यात धरलेल्या किमतीच्या, ७५ टक्क्यांवर गेला की विमा कंपनी गाडी 'टोटल लॉस' धरते. पण अशी प्रत्येक गाडी भंगारात जातेच असं नाही. काही लिलावात विकल्या जातात, धुऊन-पुसून, पॉलिश मारून दुसऱ्या शहरात उभ्या राहतात. पावसाळा संपतो, दसरा-दिवाळीचं मार्केट गरम होतं आणि गिऱ्हाईक म्हणून तिथे पोचतो आपण!

यावर उपाय सोपा आहे. पॉलिश तिथेच होतं, जिथे गिऱ्हाईक बघतं. म्हणून जिथे कुणी बघत नाही, तिथे बघा.

सुरुवात नाकापासून. काचा बंद करून पाच मिनिटं आत बसा. कुबट, ओलसर वास येतोय? किंवा एअर फ्रेशनरचा मारा जरा जास्तच झालाय? दोन्ही वाईट. मग मॅट उचला आणि खालच्या कार्पेटचा कोपरा वर करून हात फिरवा. ओल आहे का, वाळलेला गाळ लागतो का? आठ वर्षांच्या गाडीत कार्पेट कोरं करकरीत असेल, तर 'का बदललं?' हे विचाराच.

आता मोबाइलचा टॉर्च काढा. सीटखालचे रूळ आणि बोल्ट, डॅशबोर्डखालचे स्क्रू, डिकीत स्टेपनीखालचा खड्डा, फ्यूज बॉक्सचे कोपरे. इथे गंज किंवा माती असेल, तर पाणी आत आलं होतं असं समजा. हेडलाइटमध्ये पाण्याची रेघ आहे का? इंजिन ऑइलची डिपस्टिक काढा. ऑइल दुधाळ कॉफीसारखं दिसलं तर नमस्कार करून निघा.

आता गंजाबद्दल. सगळा गंज व्हिलन नसतो. सायलेन्सरवरचा तांबूस थर, रात्रभर पावसात उभ्या गाडीच्या ब्रेक डिस्कवरचा हलका गंज, हे नॉर्मल. भीती आहे ती रंगाखाली आलेल्या फुगवट्यांची. दरवाज्याची खालची कड, चाकावरची कमान, बॅटरीखालचा पत्रा नीट बघा. फुगवटा दिसला, तर गंज आतून बाहेर येतोय. लोहचुंबक कापडात गुंडाळून पत्र्यावर फिरवा. एका जागी पकड ढिली पडली, तर खाली पुट्टी असू शकते. आणि गाडी रॅम्पवर चढवून अंडरबॉडी बघायला विसरू नका. जुन्या गाडीला खालून ताजा काळा कोट दिसला, तर तो काय झाकतोय ते विचारा.

कागदही बोलतात बरं का. क्लेम नसेल तर विम्यातला नो क्लेम बोनस दरवर्षी वाढत पाच वर्षांत ५० टक्क्यांवर जातो. 'सिंगल हँड, क्लेम नाही' म्हणणाऱ्याच्या पॉलिसीवर बोनस शून्य? मग एक तर क्लेम झालाय, नाहीतर विमा मध्ये लॅप्स झालाय. मित्राच्या 'डॉक्टरांच्या गाडी'वर शून्यच होतं! विमा कंपनीकडची क्लेम हिस्टरी आणि सर्व्हिस सेंटरचा रेकॉर्ड मालकाकडून मागून घ्या. तो टाळाटाळ करतो? उत्तर मिळालं.

एवढी कटकट कशाला, असं वाटेल. पण बुडालेली गाडी लगेच दगा देत नाही. वायरिंगच्या जोडांतला गंज महिनोन्‌महिने आतल्या आत काम करतो. बऱ्याच गाड्यांत एअरबॅगचं कंट्रोल युनिट पुढच्या दोन सीट्सच्या मध्ये, फ्लोअरजवळ असतं. म्हणजे पाणी तिथे लवकर पोचतं. इग्निशन ऑन केल्यावर एअरबॅगचा दिवा लागून विझला पाहिजे. लागलाच नाही, तरी संशय घ्या. साठ हजार वाचवताना घाटात आई-बाबांसाठी एअरबॅग उघडणार की नाही, हा जुगार कोण खेळणार?

मित्राने टोकन परत खिशात टाकलं. काकांना चहा पाजला. दिवाळीला गावी एसटीने गेला आणि अजून गाडी शोधतोय. हल्ली मात्र टायरला लाथ मारत नाही, आधी सीटबेल्ट ओढतो. गाडी डॉक्टरांची असेलही हो, पण चेकअप आपणच करायचं!