रोगनिवारणाचीं नवीं साधनें : व्यापार कीं सेवा ?

“वाढती बाजारपेठ” हा शब्दप्रयोग अलीकडे वर्तमानपत्रांतून वारंवार वाचण्यांत येतो. कापड, मोटारी अथवा दूरध्वनि यांविषयीं तो योजला असतां कोणास कांहीं वाटत नाहीं. परंतु वैद्यकीय उपकरणांच्या संबंधानें हाच शब्द दृष्टीस पडला म्हणजे विचारी मनुष्य क्षणभर थबकल्यावांचून राहत नाहीं. मधुमेही वाढले, हृद्रोगी वाढले, वृद्ध अधिक वर्षें जगूं लागले, कीं ग्राहक वाढला ! जें घरच्यांचें संकट, तीच व्यापाऱ्याची सुगी. अशा व्यापाराकडे आपण कोणत्या दृष्टीनें पाहावें, याचा थोडा विचार येथें करावयाचा आहे.

माझ्या आजीच्या डोळ्यांतील मोतीबिंदू काढला, त्या वेळीं मी प्राथमिक शाळेंत होतों. शस्त्रक्रिया उत्तम झाली. पण निसर्गदत्त भिंग काढल्यावर त्याच्या जागीं दुसरें बसविलें गेलें नाहीं. त्यामुळें बाटलीच्या बुडासारख्या जाड कांचांचा चष्मा तिच्या वांट्यास आला. त्या कांचांतून प्रत्येक वस्तु मोठी व जवळ भासे. म्हणून समोरचा तांब्या उचलावयासही तिला दोनदां चांचपावें लागे. चष्मा हरवला कीं ती पुन्हां आंधळीच ! पुढें महाविद्यालयांत गेल्यावर मला कळलें कीं, डोळ्यांत बसविण्याचें भिंग तर १९४९ सालींच निघालें होतें.

त्या भिंगाची कथा मनोरंजक आहे. दुसऱ्या महायुद्धांत लढाऊ विमानांचीं पारदर्शक छतें फुटून त्यांचे तुकडे कांहीं वैमानिकांच्या डोळ्यांत शिरले. हॅरॉल्ड रिडले या इंग्रज नेत्रवैद्याच्या ध्यानांत आलें कीं, हे प्लॅस्टिकचे कण डोळा फारशी कुरकुर न करितां सोसतो. या एका निरीक्षणावरून त्यांनीं त्याच जातीच्या द्रव्याचें भिंग करविलें व लंडनच्या सेंट टॉमस रुग्णालयांत तें एका रोग्याच्या डोळ्यांत बसविलें. समव्यवसायी मंडळींनीं त्यांना दीर्घकाळ विरोध केला. ‘सर’ ही पदवी त्यांस मिळाली ती २००० सालीं, नव्वदी उलटल्यावर. शोध लागला, मान्यही झाला. पण माझ्या आजीच्या डोळ्यापर्यंत तो पोंचला नाहीं. शोध आणि रोगी यांच्यामध्यें किंमत उभी होती.

ही किंमतीची भिंत कोणी पाडली ? मदुराई येथील डॉ. गोविंदप्पा वेंकटस्वामी यांनीं सरकारी नोकरींतून निवृत्त झाल्यावर, १९७६ सालीं, अवघ्या ११ खाटांचें अरविंद नेत्ररुग्णालय काढलें. संधिवातानें त्यांचीं बोटें वांकडीं झालीं होतीं. तशाच बोटांनीं शस्त्र धरण्याचा त्यांनीं अभ्यास केला होता. पैसे देणाऱ्या रोग्यांच्या उत्पन्नांतून न देणाऱ्यांची शुश्रूषा करावयाची, ही तेथील रीत. परंतु परदेशी भिंगाची किंमत शंभर डॉलरांच्या घरांत. ती दरिद्र्यास कशी परवडावी? तेव्हां १९९२ सालीं त्यांच्या संस्थेनें ऑरोलॅब हा स्वतःचा कारखाना उभारला, आणि तेंच भिंग दहा डॉलरांच्या आंत मिळूं लागलें. आज तेथील माल शंभराहून अधिक देशांत जातो. ही बाजारपेठच नव्हे काय ? आहेच, पण येथें बाजारपेठ रोग्यासाठीं वाढली, रोगी बाजारपेठेसाठीं नव्हे.

यावर कोणी म्हणेल कीं, नफा नसेल तर संशोधन कोण करील ? हा आक्षेप पोकळ नाहीं. एखादें नवें उपकरण सिद्ध होण्यास वर्षें व अमाप द्रव्य लागतें, आणि तें कोणीतरी पुरवावेंच लागतें. म्हणून नफा हें पाप आहे, असें मी म्हणत नाहीं. परंतु रोगी हा इतर गिऱ्हाइकांसारखा नव्हे. साडी महाग वाटली तर स्त्री दुसऱ्या दुकानांत जाते. छातींत कळ येऊन खाटेवर पडलेला मनुष्य घासाघीस करीत नाहीं. हृदयाच्या रक्तवाहिनींत बसवावयाच्या नळीस, म्हणजे स्टेंटला, कित्येक ठिकाणीं लाखाहून अधिक रुपये घेतले जात. शेवटीं फेब्रुवारी २०१७ मध्यें सरकारनें औषधयुक्त स्टेंटची कमाल किंमत करांखेरीज २९,६०० रुपये ठरविली. कांहीं परदेशी कंपन्यांनीं आपला उंची माल येथून परत नेण्याची परवानगी मागितली, हेंही खरें. निर्बंध अति झाला तर नवें साधन येणार नाहीं. मुळींच नसला तर आलेलें साधन गरिबाच्या हातीं लागणार नाहीं. या दोहोंचा तोल राखणें हें सरकारचें कठीण पण टाळतां न येणारें कर्तव्य आहे.

परंतु केवळ सरकारकडे बोट दाखवून आपली सुटका होत नाहीं. मार्च २०२० मध्यें करोनाची सांथ पसरूं लागली, तेव्हां तपासणीचा पहिला भारतीय संच पुण्याच्या मायलॅबनें तयार केला, आणि त्या कामाच्या अग्रभागीं मीनल दाखवे-भोसले या विषाणुशास्त्रज्ञ होत्या. आमच्या वर्गांतील मुलींनीं हें नांव लक्षांत ठेवावें. तसेंच, यंत्र विकत घेणें सोपें, तें चालतें ठेवणें कठीण. दवाखान्यांत यंत्र येतें, हारतुरे होतात. पुढें एखादा सुटा भाग बिघडतो, आणि दुरुस्त करणारा नसल्यामुळें तें यंत्र कापडाखालीं धूळ खात पडतें. प्रत्येक विद्यार्थी डॉक्टर होणार नाहीं, व होण्याचें कारणही नाहीं. कुशल दुरुस्तीकार, दक्ष परिचारिका, प्रामाणिक कारखानदार यांचीही रोग्यास तितकीच गरज आहे.

तेव्हां मुलांनो, उद्यां तुमच्यापैकीं कोणी या व्यवसायांत शिरेल, तेव्हां “हें किती खपेल ?” असें त्यानें अवश्य विचारावें. पण त्याआधीं, “हें कोणापर्यंत पोंचेल ?” असें विचारावें. आजी आज हयात नाहीं. तिचा तो जाड चष्मा मात्र माझ्या टेबलाच्या खणांत आहे; आणि नव्या शोधाची बातमी वाचतांना त्याची मला आठवण होते.