खुला संग्रह आणि पुस्तिकेचे श्रम

बँकेचा व्यवहार असो वा खासगी पत्र, इंटरनेटवरून जाणारा मजकूर वाटेत कोणी वाचू नये म्हणून तो सांकेतिक रूपात बदलावा लागतो. हे काम करणाऱ्या प्रोग्रामांचा ‘ओपनएसएसएल’ हा संग्रह १९९८ पासून सर्वांसाठी खुला आहे; तो कोणीही विनामूल्य वापरावा, वाचावा, बदलावा. एप्रिल २०१४ मध्ये त्यातील ‘हार्टब्लीड’ हा दोष उघडकीस आला, तेव्हा जगाला कळले की ज्या संग्रहावर बड्या कंपन्यांचे व्यवहार उभे होते, त्याला वर्षाकाठी देणग्या मिळत होत्या सुमारे २,००० डॉलरच्या, आणि पूर्णवेळ राबत होता एकच माणूस. मग कंपन्यांनी थैल्या सैल केल्या. पैशाची चर्चा झाली. पुस्तिकेची फारशी झाली नाही.

हार्टब्लीड ही प्रोग्राममधील चूक होती. परंतु जानेवारी २००९ मध्ये जाहीर झालेला दोष वेगळ्या जातीचा होता. डिजिटल सही तपासणारे एक फंक्शन तीन उत्तरे देते: सही खरी असल्यास १, खोटी असल्यास ० आणि तपासणीच फसल्यास -१. प्रोग्रामरांनी गृहीत धरले की शून्य नाही म्हणजे सही खरी. परिणामी मुद्दाम बिघडवलेली सही खरी म्हणून स्वीकारली जाण्याचा मार्ग मोकळा झाला. संगणकांची घड्याळे जुळवणाऱ्या प्रोग्राममध्ये ही चूक होती. इतकेच नव्हे, खुद्द ओपनएसएसएलच्या कर्त्यांनीही ती अनेक ठिकाणी केली होती! अशा जागी तीन उत्तरांची कोरडी नोंद पुरत नाही. ‘१ खेरीज कोणतेही उत्तर आल्यास सही नाकारावी’ असे स्पष्ट वाक्य आणि चालवून पाहिलेला नमुना वाचकापुढे हवा.

यावर काही जाणकार म्हणतात की प्रोग्राम खुला आहे, ज्याला हवे त्याने तो वाचून घ्यावा. कायदा राजपत्रात छापला आहे, तो वाचून घे, असे कुळाला सांगण्यापैकीच हे आहे. मालकी सामूहिक असूनही ज्ञान मूठभरांच्या हाती राहिले, तर ती मालकी कागदावरच राहते.

ज्या फंक्शनांची माहिती अद्याप कोणी लिहिलेली नाही, त्यांच्या याद्या या प्रकल्पाने स्वतःच्या संग्रहातच ठेवल्या आहेत. हा प्रामाणिकपणा दुर्मीळच म्हणावा लागेल. माहितीची पाने प्रोग्रामांशेजारीच असतात. त्यांत कोणालाही दुरुस्ती सुचवता येते. दुरुस्ती अगदीच किरकोळ नसेल तर एका करारावर सही करावी लागते, आणि जाणकारांच्या तपासणीनंतरच ती स्वीकारली जाते. येथे नवख्याने संकोच करण्याचे कारण नाही. तज्ज्ञाला आपण पूर्वी कोठे अडखळलो होतो ते आठवत नाही; नुकत्याच अडखळलेल्याला ते नेमके ठाऊक असते. मात्र हे काम नवशिक्यांच्या फुकट श्रमावर सोपवून, या संग्रहावर नफा कमावणाऱ्या कंपन्यांनी नामानिराळे राहावे हे मान्य होण्याजोगे नाही. त्यांच्या पगारी प्रोग्रामरांचे काही तास पुस्तिकेसाठी राखून ठेवण्याची मागणी त्यांच्याकडे केलीच पाहिजे.